मालकाच्या हातची गाडी

दमदम, कोलकाता
१२ फेब्रुवारी २०२४

ती. अक्का,

दंडवत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागलो की सोसायटीतले लोक भांडण समजून दारं उघडतात. म्हणून आपलं पत्रच बरं.

काल आपली लँडमास्टर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेली. भाऊजी गेल्यावर मिरजेहून, तुझ्या अंगणातून, ट्रकवर घालून आणलेला तो गंजका सांगाडा सात वर्षांनी स्वतःच्या चाकांवर दमदमहून फोर्ट विल्यमजवळच्या मैदानापर्यंत गेला. माझ्यासारखा निवृत्त ऑडिटर इंजिन उघडायला बसला तेव्हा निर्मला म्हणाली होती, आता या घरात स्क्रू आणि मोहरी एकाच डब्यात सापडणार. सापडलेसुद्धा. पण गाडी झाली. पत्रा ठोकण्यापासून वायरिंगपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात तिला लागलेला नाही.

आणि तिथे जे पाहिलं त्याने किळस आली. दुसरा शब्द सुचत नाही.

अर्ध्याअधिक गाड्या ट्रेलरवरून आल्या. रस्त्याची धूळ लागू नये म्हणून! मग त्या उतरवायच्या, ड्रायव्हरने फडक्याने पुसायच्या, आणि मालकाने मागून एसी गाडीतून येऊन शेजारी उभं राहायचं. मालक तरी कसे? एकाने नवाबाचा वेष केला होता, त्याची चिकटवलेली मिशी चहाच्या कपात पडली. ती त्याने बोटाने काढली, झटकली आणि परत लावली. माझ्या शेजारच्या गृहस्थाला परीक्षकाने बॉनेट उघडायला सांगितलं, तर तो ड्रायव्हरला विचारतो, "अरे, ये खुलता किधर से है?" त्या गृहस्थाला पहिलं बक्षीस मिळालं, अक्का! चषक उचलून त्याने भाषण केलं. "माझ्या गाडीत माझा प्राण ओतलाय," म्हणे. बायकोचे दागिने स्वतः घडवल्यासारखा मिरवत होता.

आमच्या गाडीला सहभागाबद्दल एक पट्टी मिळाली. ती मी अजून पिशवीतून बाहेरही काढलेली नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याने गाडी बांधली नाही त्याने तिच्याशेजारी छाती काढून उभं राहू नये. पैसे देऊन आणलेली वस्तू दाखवायचीच असेल तर पावती फ्रेम करून लावा. यावर मी क्लबात बोलणार आहे. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझा,
गुरू

*

मिरज
३ मार्च २०२४

चि. गुरू,

आशीर्वाद. पुरवून वापर, या वयात माझ्याकडेही फार उरलेले नाहीत.

तुझं पत्र मुग्धाने वाचून दाखवू का विचारलं. मी म्हटलं, सूनबाई, माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. मिशीचं वाचून पोट दुखेपर्यंत हसले. पण पुढचं वाचून कंटाळा आला. लहानपणीही तू असाच होतास. दुसऱ्याच्या ताटातलं जेवण वाईट म्हणून स्वतःचं गार होऊ द्यायचास.

गाडी चालती झाली हे मात्र मला फार बरं वाटलं. दोनदा वाचलं ते. ह्यांनी ती कधी पुसली नाही, फक्त चालवली. मागच्या सीटवर शेंगांची पोती यायची, कुणाची बाळंतीण यायची, एकदा तर शेजारच्यांची शेळी आली. त्या गाडीला वास होता, शेंगांचा आणि पेट्रोलचा. अजून येतो का रे?

प्रदर्शनं वगैरे तू बघ. मला एवढंच सांग, गाडी आणतोस कधी? अंगणातल्या तिच्या जागेवर पत्र्याची शेड घालून भाड्याने देऊ म्हणत होता आमचा शौनक. मी मुलाला सांगितलं, जागा मोकळी राहू दे. गाडी यायची आहे.

निर्मलाला सांग, मोहरी चाळून घेत जा.

अक्का

*

दमदम
१९ सप्टेंबर २०२४

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. उशीर झाला, रागावू नकोस. क्लबाच्या समितीवर घेतलंय मला, आणि समिती म्हणजे काय असतं ते आयुष्यभर सरकारी नोकरी करूनही मला माहीत नव्हतं असं वाटायला लागलंय.

परवा विश्वकर्मा पूजा झाली. इथे त्या दिवशी कारखान्यातलं कुणी हत्याराला हात लावत नाही, आपल्या खंडेनवमीसारखंच. मी पाने आणि हातोड्या मांडून फुलं वाहिली. तेवढ्यात समितीतल्या ऋषभचा फोन आला. त्याच्याकडे सतरा गाड्या आहेत, आणि त्यातल्या एकीचीही चाकं तो ओळखत नाही. म्हणतो, "गुरुदा, माझ्या गॅरेजमध्ये पूजा आहे, प्रसादाला या." गेलो. त्याची हत्यारं काचेच्या कपाटात! पान्यांवर अजून कारखान्याचं तेल. विश्वकर्म्याला असली हत्यारं दाखवायची म्हणजे देवाला प्लास्टिकची केळी ठेवण्यातलाच प्रकार. मला शिसारी आली. प्रसाद घेतला आणि तसाच पुडीत बांधून घरी आणला.

तर मी नियम मांडला. सर्वांत मोठा चषक 'मालकाच्या हातची गाडी' या वर्गाला. त्यात फक्त तीच गाडी, जी कागदावर ज्याच्या नावाची त्यानेच स्वतः बांधली आहे. बाकीच्यांनी खुशाल मिशा लावून साध्या वर्गात उभं राहावं. ऋषभ हसून म्हणाला, "दादा, स्वयंपाक येत नाही त्याने जेवायचं नाही का?" मी म्हटलं, जेवावं, पण जेवण मी रांधलं म्हणून आरोळी मारू नये. दोन बैठका भांडलो. शेवटी झाला मंजूर. कंटाळून हो म्हणाले असतील, पण झाला.

गाडीचं राहिलेलं कामही पुरं केलं. गेल्या खेपेला परीक्षकाने वाकून पेडलं पाहिली आणि गुण कापले होते. ब्रेक आणि क्लचच्या पेडलांवर कुण्या गाढवाने लाकडाचे ठोकळे स्क्रूने बसवले होते. वर सायकलच्या ट्यूबचं रबर! बघून मलाच लाज वाटायची. काढून फेकले. आता पेडलं मूळची होती तशी झाली. सीटही नवीन केली. वासाचं विचारत होतीस ना? अजिबात येत नाही आता.

प्रदर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आहे. तू ये. चषक घेताना घरचं कुणीतरी समोर हवं.

तुझा,
गुरू

*

मिरज
१४ ऑक्टोबर २०२४

चि. गुरू,

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलंय. आपट्याचं पान वाटेत चुरलं तर पोस्टाला शिव्या दे, तेवढंच तुला काम.

ते गाढव म्हणजे तुझे भाऊजी.

ते ठोकळे माझ्यासाठी होते. तू तेव्हा कोलकात्याला नोकरीत होतास, तुला कुठून माहीत असणार? मालगावच्या शाळेत मी शिकवायला जायचे आणि एसटी कधी यायची, कधी नाही. मग ह्यांनी मला गाडी शिकवली. माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. ह्यांनी बाभळीचे ठोकळे तासून बसवले, पाय सटकू नये म्हणून वर रबर लावलं. साडी खोचून, पदर कमरेला बांधून मी ती गाडी मालगावला न्यायचे आणि अख्खा गाव दारात उभा राहून बघायचा. थंडीत हँडल मारून चालू करायची. हँडल उलटं फिरून एकदा मनगट सुजलं, तरी शाळा चुकवली नाही. बारा वर्षं चालवली मी ती गाडी. ह्यांनी चालवली त्याहून जास्तच.

असो. फेकलेस ते फेकलेस. पण मला फार वाईट वाटलं, हे लिहून ठेवते. तुला कळेल की नाही कोण जाणे.

मी येते. मुग्धाने माझं आणि तिचं तिकीट काढलंय, तिला शाळेची रजा मिळतेय. येताना रेल्वेने येऊ. जाताना मी माझ्या गाडीने जाणार. ब्रेक नीट बघून ठेव.

अक्का

*

दमदम
११ डिसेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. तू येणार म्हणून निर्मलाने आतापासून गाद्या उन्हात टाकल्या आहेत. "जाताना गाडीने" वाचून आम्ही दोघं खूप हसलो. तुझी थट्टा करायची सवय या वयातही गेली नाही! दोन हजार किलोमीटर आणि ते ट्रक! बघणाऱ्याने गाडीकडे बघायचं की रंगावरच्या ओरखड्यांकडे?

ठोकळ्यांचं वाचलं. मला खरंच माहीत नव्हतं. भंगारवाल्याकडे असले तर आठवण म्हणून तुला पाठवून देईन.

इथे नवीनच तमाशा चाललाय. माझ्या नियमामुळे 'मालकाच्या हातची' वर्गात अर्ज आलेत, आणि प्रत्येकाने आपला काम करतानाचा फोटो जोडायचा आहे. अक्का, काय ते फोटो! न्यू टाउनमधल्या एका साहेबाने इस्त्रीचा बॉयलर सूट घातलाय, घडीच्या रेघा दिसतात. दुसऱ्याने गालाला ग्रीस फासलंय. अगदी मापात, दोन्ही गालांना सारखं. गळवावर मलम लावावं तसं. नखं मात्र स्वच्छ. तिसरा पाना उलटा धरून बसलाय आणि मागे त्याचा मिस्त्री अर्धा कापलाय. फोटोतून कापलाय म्हणतो मी. हे सगळं तपासायचं काम माझ्याकडे. रोज सकाळी ते पाकीट उघडायचं म्हणजे शिक्षा.

आणि आता मुख्य गोष्ट. अर्जाबरोबर गाडीचे कागद जोडायचे असतात. माझे कागद ऋषभच्या हाती गेले. तो दोन बोटांत धरून म्हणाला, "गुरुदा, इथे तर मालक श्रीमती कालिंदी विनायक रिसबूड आहेत." आणि हसला. तेलकट हसतो तो. माझ्याच नियमाने माझीच गाडी बाहेर!

भाऊजी गेल्यावर तू कागद स्वतःच्या नावावर करून घेतले होतेस, हे मी पार विसरून गेलो होतो. चूक काढण्यात आयुष्य गेलं आणि नाकासमोरचं दिसलं नाही. तर सोबत बदलीचे कागद पाठवतोय. जिथे पेन्सिलने फुली केली आहे तिथे सह्या कर आणि लगेच पाठव. नुसता उपचार आहे. सात वर्षं ती माझ्याकडेच आहे, तेच आता कागदावर येईल.

गुरू

*

मिरज
२३ डिसेंबर २०२४

गुरू,

कागद मिळाले. सही केलेली नाही.

मुग्धाला तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं, मला वाटलं माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालं. "नुसता उपचार"? गाडी माझी आहे. ह्यांचे दिवस झाल्यावर तू आलास, सांगाड्याभोवती फिरलास, म्हणालास ही मी उभी करतो. मला वाटलं, भाऊ बहिणीची गाडी नीट करून देतोय. सात वर्षं मी शेजारणींना हेच सांगत आले. रंग कुठला द्यावा हे तू विचारलं नाहीस, म्हटलं कामात असेल. ठोकळे फेकलेस, म्हटलं माहीत नसेल. गाडी कधी आणतोस या प्रश्नाला तू कधी उत्तरच दिलं नाहीस, म्हटलं उत्तर येईल. आणि आलं ते हे! पेन्सिलच्या फुल्या!

शिंप्याने ब्लाउज शिवला म्हणून तो शिंप्याचा होत नाही. कितीही सुरेख शिवला तरी.

त्या मिशीवाल्याची तुला किळस येते. तो निदान विकत तरी घेतो. तू तर नुसतं गृहीत धरलंस.

तिकीट काढलेलं आहे, तेव्हा येणार. प्रदर्शनात गाडी जाईल ती साध्या वर्गात, माझ्या नावाने. त्या ऋषभला तसं सांग.

कालिंदी

*

दमदम
२ जानेवारी २०२५

अक्का,

कळवलं ऋषभला. समितीचा राजीनामाही दिला. त्याने तो वाचायच्या आधीच मंजूर केला.

शिंपी! सात वर्षं त्या गाडीखाली पाठीवर झोपलो. पत्रा लागून तळहाताला टाके पडले. पिस्टनच्या रिंगा बसवताना इंजिन चारदा उघडलं. भाऊजींच्या शेवटच्या वर्षांत ते धूड तुझ्या अंगणात कोंबड्यांचं घर झालं होतं, तेव्हा कुठे होती तुझी मालकी? मी नसतो तर किलोवर गेली असती ती.

एका कागदाच्या जोरावर मालक होणाऱ्यांचा मला वीट आलाय, आणि त्यात आता माझ्याच घरचं माणूस. ये. गाडी धुऊन ठेवतो.

गुरुदत्त

*

दमदम
९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुम्ही दोघी सुखरूप पोचल्याचा मुग्धाचा निरोप निर्मलाला मिळाला. इथे आठवडाभर होतीस आणि आपण धड दहा वाक्यं बोललो नाही. त्या दिवशी जे झालं ते तुला ऐकू आलं नसावं म्हणून लिहितो. तू समोरच होतीस, पण तोंड पुढे होतं.

मैदानाच्या फाटकाशी पेट्रोलची नळी गळायला लागली, ते तुला आठवत असेल. मी खाली शिरलो, शर्ट बरबटला. गाडी कशीबशी रांगेत लावली आणि बॉनेट उघडून नळी आवळत होतो. तू पुढच्या सीटवर. लोकांनी गराडा घातला. कुणी विचारत होतं, गाडी केव्हाची, कुणी म्हणत होतं, मॅडम, इकडे बघा. क्लबाच्या स्वयंसेवक पोरींनी तुझ्या गळ्यात मालकांचा निळा पट्टा घातला. तुझ्या रोजच्या इरकली साडीला त्यांनी वेषभूषेचं दुसरं बक्षीसही दिलं, त्यावर मी काही बोलत नाही. बोललो तर सुटेन.

मग तो कोट घातलेला स्वयंसेवक आला. तुला वाकून म्हणाला, मॅडम, मालकांचा चहा तंबूत आहे. आणि माझ्याकडे न बघता, नुसता अंगठा मागे करून म्हणाला, "ड्राइवर लोगों की चाय उधर, पेड़ के नीचे।"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू एक शब्द बोलली असतीस तर पुरलं असतं. तू समोर बघत राहिलीस आणि मग तंबूकडे गेलीस.

मी झाडाखाली गेलो. काय करणार? बॉनेट उघडं टाकून घरी जाता येत नव्हतं. तिथे नवाबाचा ड्रायव्हर भेटला, त्याच मिशीवाल्याचा. चहा फुळकवणी, बिस्किटं मऊ पडलेली. त्याने मला विचारलं, तुमचा मालक कसा आहे? अपमान पुष्कळ गिळलेत मी नोकरीत, पण हा अजून घशात आहे. स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या गाडीपासून वीस पावलांवर मी परका!

तुला ऐकू आलं नाही, असंच मी धरून चालतो. तेवढं मला लिहून कळव, म्हणजे झोप लागेल.

गुरू

*

मिरज
२० फेब्रुवारी २०२५

चि. गुरू,

मला ऐकू आलं होतं.

सकाळीच मुग्धाने कानातल्या यंत्राचे सेल बदलले होते. पेड़ के नीचे, हेही ऐकलं आणि तुझ्या हातातला पाना बॉनेटवर टेकला, तेही ऐकलं. मी मुद्दाम गप्प बसले. तंबूत जाऊन चहा घेतला. तोही फुळकवणीच होता.

कसं वाटलं रे? आपली गाडी, आणि तिच्याजवळ उभं असताना आपल्याला कुणी विचारू नये? मला तुझ्या गॅरेजमध्ये असंच वाटलं होतं. आल्या दिवशी मी स्टिअरिंगमागे जाऊन बसले. पाय अधांतरी लोंबत होता. बारा वर्षं जी चालवली तिच्या क्लचला माझा अंगठा लागेना. आणि तू दारातून काय म्हणालास? "अक्का, जपून, सीटचं कव्हर नवीन आहे." पाव्हण्या बाईला सांगावं तसं.

पण तंबूतून परत आले तेव्हा तू नळीला फडकं गुंडाळत होतास. मान खाली. म्हातारा दिसलास मला पहिल्यांदा. आणि मला माझीच किळस आली. त्या निळ्या पट्ट्यासकट. ती रांगेत मांडलेली माणसं, ते पुसलेले पत्रे, ती साडीला बक्षीस मिळालेली वाटी, आणि त्यांच्यात बसून धाकट्या भावाला झाडाखाली पाठवणारी मी. बांधणारा मोठा की मालक मोठा यावर आपण वर्षभर भांडलो, आणि ती गाडी मैदानावर काय करत होती? उभी होती! कोंबड्या बसायच्या तेव्हाही उभीच होती. फरक एवढाच की आता रंग आहे.

सह्या केल्या आहेत. तुझ्या फुल्यांवरच केल्या, वाकड्या आल्या असतील. गाडी तुझी. पुढच्या वर्षी मोठा चषक घे. मला आता ती नको. राग म्हणून नाही लिहीत, खरंच नको. शौनकला सांगितलं, अंगणात शेड घाल.

निर्मलाला आशीर्वाद. तुलाही.

अक्का

*

संबळपूरच्या अलीकडे, हमरस्त्यावरचं एक लॉज
११ मार्च २०२५

अक्का,

शौनकला सांग, शेडचे खांब काढ. सह्यांचे कागद फाडले. निर्मलाने चूल पेटवायला मागितले, पण आमच्याकडे चूल नाही म्हणून नुसते फाडले.

काल पहाटे तुझी गाडी घेऊन मिरजेला निघालो. निर्मला शेजारी बसली आहे आणि खरगपूरपासून बोलत नाही, कारण तिथे मी रस्ता चुकलो आणि कबूल केलं नाही. हा प्रवास घाणेरडा आहे. ट्रकवाले माजलेले, धाब्यावरच्या डाळीत माशी. ती मी दाखवली तर पोऱ्या म्हणतो, गरम आहे, मेली असेल. या लॉजच्या चादरीवर मागच्या माणसाची आकृती आहे. काल घाटात इंजिन तापलं, एका नाल्याचं पाणी ओतलं, त्याला कसला वास होता ते लिहीत नाही. रंगाला तीन ओरखडे पडले. एक म्हशीचा. गाडीच्या आत आता असा काही वास येतोय की सांगायची सोय नाही.

संध्याकाळी पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरचा माणूस गाडीभोवती फिरला. पान चघळत म्हणाला, "किसकी है?"

मी म्हटलं, "दीदी की है।"

"और आप?"

"मिस्त्री."

त्याने मान डोलावली आणि काताने माखलेला हात दारावरून, बॉनेटवरून, थेट मागच्या काचेपर्यंत फिरवला. पाच बोटांचे लाल पट्टे उमटले. मला भयंकर किळस आली. पुसले मात्र नाहीत.

गुरू